नंबराचा पाणचष्मा

उन्हं तापली, की आमची विहीर वर येते.

हे ऐकून पुण्याची माणसं हसतात. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं, विहीर वर कशी येईल? येते. आमची येते. धरण झालं तेव्हा डाळजच्या खालच्या अंगाची आमची जमीन, तीतली विहीर, इंजिनाची खोली, बांधावरच्या बाभळी, सगळं उजनीच्या पाण्याखाली गेलं. वर्षातले बरेच महिने तिथं नुसतं पाणी चमकतं आणि कडेला बगळे उभे असतात. चैत्र सरून पाणी उतरू लागलं, की तिकडे पळसदेवला जुन्या देवळाचं शिखर डोकं काढतं आणि इकडे आमच्या विहिरीचं दगडी तोंड. देऊळ बघायला लोक गाड्या करून येतात. विहीर बघायला दोनच माणसं जातात. एक मी, दुसरा माझा चुलतभाऊ दामू. दामूशी माझं भांडण आहे. ते जुनं आहे आणि अजून मिटलेलं नाही. तरी आम्ही जातो, कारण विहिरीत त्याचा निम्मा वाटा आहे आणि भांडणातही.

यंदा विहीर वर यायच्या आधीच तिची आठवण वर आली. माझी नात वैशाली पुण्याला कॉलेजात शिकते. माझ्या घराण्यातून तिनं दोनच गोष्टी उचलल्या, माझा राग आणि माझ्या डोळ्यांचा नंबर. ती म्हणाली, "आजोबा, आम्ही मालवणला चाललोय. पाण्यात तोंड घालून मासे बघायचे असतात. पण चष्म्यावरून मास्क बसत नाही, आणि चष्म्याशिवाय मला मासा काय, होडीही दिसणार नाही. नंबरचा मास्क मिळतो म्हणे. चला ना घ्यायला."

तिला भाव करणारा माणूस हवा होता, हे मी ओळखलं. तिला हे ठाऊक नव्हतं, की ती ज्याला मास्क म्हणते त्याला मी पाणचष्मा म्हणतो, आणि नंबराचा पाणचष्मा निवडायचं काम मी तिच्या बापाच्या जन्माआधी करून बसलोय.

पुण्यातलं ते दुकान मोठं होतं, आत गारवा होता. दुकानदारानं तिला विचारलं, "नंबर किती, ताई?" आणि तो काच शोधायला वळला.

"काच मागनं," मी म्हणालो. "आधी रबर दाखवा."

मी तिला पट्टा न लावता पाणचष्मा तोंडावर धरायला सांगितला. "नाकानं दम ओढ. आता हात सोड." पहिला खाली पडला. दुसरा क्षणभर राहिला आणि कपाळापाशी सुटला. तिसरा चिकटून बसला, वैशालीनं मान हलवली तरी हलेना. डोळ्यांपुरते गॉगल तिला फार आवडले होते, दिसायला नाजूक. ते मी बाजूला ठेवले. "नाक आत पाहिजे. खोल गेलीस की पाणी काच दाबतं. नाकातनं थोडी हवा आत सोडली की दाब सुटतो. नाक बाहेर असलं तर डोळे बाहेर यायला बघतील."

दुकानदार हातातलं काम थांबवून बघत होता. "आजोबा, नेव्हीत होता काय?"

"विहिरीत होतो," मी म्हणालो.

मग मला राहवेना. मी तोच पाणचष्मा स्वतःच्या तोंडाला लावला, दम ओढला, हात सोडला. तो गळून माझ्या ओंजळीत पडला. दुकानदार माझ्या पांढऱ्या मिशीकडे बघून अदबीनं म्हणाला, "आजोबा, ते मिशीमुळे..."

"ठावं हाय मला," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पुण्याच्या दुकानात माझ्या तोंडून गावची बोली निघाली नव्हती, ती त्या क्षणी निघाली. गारव्यात उभा असूनही माझ्या नाकात तापलेल्या मातीचा, क्रूड तेलाचा आणि सुकलेल्या शेवाळाचा वास आला.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मोटा सुटत होत्या आणि इंजिनं येत होती. पहाटेच्या मोटेच्या गाण्याच्या जागी दिवसभर पुक-पुक-पुक असा एकसुरी आवाज आला आणि आम्हाला तो गाण्यापेक्षा गोड वाटला. मी तेव्हा तिशीच्या आतला. डोक्यावर वांग्याची पाटी घेऊन भिगवण स्टेशनाला पायी जाण्यापासून सुरुवात केलेला माणूस. पुढं माझ्या मालाच्या पाट्या आगगाडीत चढू लागल्या, त्या कुणाच्या आशीर्वादानं नव्हे. मला भाव करता येत होता. त्या काळी बाजारात हातावर रुमाल टाकून खाली बोटांनी सौदा होई. चष्मा मी तेव्हा लावत नसे, त्यामुळे समोरच्याचं तोंड मला नीट दिसत नसे. चार हातांपलीकडे माणूस म्हणजे पटका आणि धोतर यांचा धुरकट ढीग. पण रुमालाखाली त्याचं बोट कुठं अडखळलं हे मला जेवढं कळे तेवढं डोळसांना कळत नसे. नजर कमी म्हणून मी कधी रडलो नाही. माझ्या हाताच्या टप्प्यातलं मला पक्कं कळतं, आणि माणसाचा धंदा बहुतेक हाताच्या टप्प्यातच असतो.

दामूचा बाप तो लहान असतानाच गेला. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्याला माझ्याबरोबर एका ताटात वाढवलं. पुढं जमीन वाटली गेली, विहीर सामाईक राहिली. इंजिनही आम्ही दोघांनी मिळून घेतलं. भाव करायला अर्थात मी गेलो. इंजिन, पाइप आणि पाइपाच्या खालच्या तोंडाला बसवायची पितळेची झडप, जी वर चढलेलं पाणी परत खाली पडू देत नाही. आम्ही तिला व्हॉल म्हणत असू. नारळाएवढी, नवी कोरी, उन्हात सोन्यासारखी. ती पाइपाला दामूनं बसवली. सांधा घट्ट बसावा म्हणून आट्यांवर ताग गुंडाळला, वर सफेदा लावला आणि म्हणाला, "आता ही न्हाय निघत माझ्या नातवापातुर."

पुढच्या उन्हाळ्यात, वांगी ऐन भरात असताना, इंजिन चालू आणि पाणी बंद. पाइप वर ओढला. खालचं तोंड मोकळं. व्हॉल नाही.

यात एवढं घडण्यासारखं काही नव्हतं. आटे सुटले, व्हॉल पडला, तळाशी असेल, काढू. पण दामू पाइपाच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिला आणि संध्याकाळी देवळापुढच्या पारावर, सगळं गाव बसलेलं असताना, म्हणाला, "पितळ हाय ते. पितळंला पाय फुटत्यात. आन् आमच्या किसनाला बाजाराची वाट ठावं हाय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी उठलो. माझा आवाज मोठा आहे आणि हात त्याहून लवकर निघतो. लोकांनी मला धरलं. मी ओरडलो, "व्हॉल इहिरीत हाय!"

दामू शांतपणे म्हणाला, "इहिरीत न्हाय."

त्यानं पळसदेवहून भीमेत पोहणारा पट्टीचा पाणबुड्या आणला. दगड धरून तो तळाला गेला, हातांनी गाळ चाचपला, पुन्हा पुन्हा गेला. शेवटी पायरीवर बसून अंग पुसत म्हणाला, "तळ साफ हाय, मालक. घागर हाय एक, काय हाडं हायती. पितळ न्हाय." त्याचं खोटं नव्हतं. पण त्यानंतर पारावर मी गेलो की बोलणं थांबू लागलं. ज्यांच्याशी मी रुमालाखाली बोटं मिळवली होती ती माणसं हात लांब ठेवू लागली. माझा सगळा धंदा माझ्या शब्दावर उभा. भाव घासून करतो, रागीट आहे, चिवट आहे, हे सगळं लोक चालवून घेत, कारण किसन चोर नाही. ते एक गेलं, की मी परत पाटी डोक्यावर घ्यायला मोकळा. आणि घेतली असती तरी वांगी विकत घेताना लोकांनी तीही निरखून बघितली असती.

मला विहीर ठाऊक होती. उगवतीच्या अंगाला पाण्याखाली एक कपार आहे, झरा तिथून येतो. पाइप त्याच बाजूला. व्हॉल सुटून भिंतीला घासत गेला असला तर तळाला न जाता कपारीत गेला असणार. पाणबुड्यानं तळ चाचपला, भिंत नाही. मी स्वतः उडी मारली. डोळे उघडले तर हिरवा अंधार, जणू कुणी डोळ्यांवर ओली साडी टाकलीय. कपारीचं तोंडसुद्धा सापडेना. हातानं बघायची सवय असलेल्या माझ्यासारख्याला त्या दिवशी डोळे हवे होते.

म्हणून मी पुण्याला गेलो. जुन्या बाजारात एक माणूस जमिनीवर कापड अंथरून पलटणीतला मोडका माल विकायचा. बूट, दुर्बिणीची डबडी, आणि रबरात बसवलेली जाड काच. मी कशाला घेतोय हे त्याला सांगितलं नाही. गरज कळली की भाव चढतो. मी म्हणालो, "पोरांना खेळायला."

"पोरांना हे कसलं खेळणं, मालक?" तो म्हणाला. "पट्टा सोडा, नाकानं दम ओढा. चिकटला तर तुमचा."

चिकटला नाही. दुसरा घेतला, तोही नाही. मी चिडलो. "फाटका माल इकतोस व्हय?"

त्यानं माझ्या हातातला घेऊन स्वतःच्या तोंडाला लावला. त्याची मिशी नव्हती. तो तसाच, तोंडावर काच चिकटलेली, हात हवेत पसरून माझ्याकडे बघत राहिला. मग काढून म्हणाला, "माल साबूत हाय, मालक. मिशी फाटकी हाय."

तेव्हा माझ्या मिशीला दोन्हीकडे पीळ होता. मी भाव आणखी पाडून वस्तू घेतली आणि मनात म्हणालो, मिशीचं बघू.

नंबरासाठी बारामतीला पेठेत एक चष्मेवाले होते. कोट, काळी टोपी, स्वतःच्या नाकावर जाड चष्मा. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. "शेवटची ओळ वाचा."

"मला ती ओळ नको. माझा हात लांब केला की पुढचं बोट जिथं पोचतं तिथलं दाखवा."

मी रबर पुढं ठेवला आणि काय हवं ते सांगितलं. चष्म्याच्या दांड्या रबराखालून नेल्या तर फट पडते, पाणी शिरतं. दांड्या नकोत, नुसत्या काचा, आतून बसवायच्या. ते ऐकून घेत होते, मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "पाण्याखाली काय वाचणार किसनराव? माशांना वर्तमानपत्र?"

"मासे परवडले," मी म्हणालो. "भाऊबंद न्हाय."

काय झालंय ते विचारलं नाही त्यांनी. उठले, घरातून पितळेचा तांब्या आणला आणि खुर्चीपुढं जमिनीवर ठेवला. मी ओणवा होऊन बघू लागलो आणि ते एकामागून एक काचा बदलू लागले. माझ्या पुऱ्या नंबराच्या काचेनं तांब्या लहान दिसे, डोळ्याला ताण पडे. त्याहून हलक्या काचेनं तो मऊ, सरळ दिसला. मला वाटलं, हलकी म्हणजे स्वस्त असेल, बरं झालं. ते म्हणाले, "हीच ठीक. पाण्यात वस्तू आहे त्याहून मोठी आणि जवळ दिसते. तेव्हा नंबर कमी लागला तरी चालेल. पण एक लक्षात ठेवा. जवळ दिसते म्हणून हात आखडू नका. ती दिसते त्याच्या पलीकडे असते."

पुढं मी पुष्कळ शिकलेल्या माणसांची भाषणं ऐकली. माझ्या कामाचं एवढं थोडक्यात कुणी बोललं नाही. भाव मात्र मी त्यांच्याशीही केला. त्यांनीही मजेत केला.

काचा सोनाराकडून लाखेनं आतून चिकटवल्या. सोनारानं माझ्या तोंडावर रबर धरून बुबुळांच्या समोर खुणा केल्या, त्याच खुणांवर काचा. फार सुरेख झालं. घरी आणून मी ते इंजिनाच्या खोलीच्या पत्र्यावर ठेवलं आणि जेवायला गेलो. वैशाखातलं ऊन ते. परत येऊन बघतो तर लाख पातळ होऊन काचा घसरलेल्या. तोंडाला लावलं तर एक डोळा डाळजला, दुसरा भिगवणला. पुन्हा सोनार. त्यानंतर पाणचष्मा ओल्या गोणपाटात, माठाच्या बुडाशी, घरातल्या मानकऱ्यासारखा राहू लागला.

राहिली मिशी. मेण लावून बघितलं. लोणी चोपडून बघितलं. चरबीसुद्धा लावली, घरात कुणाला न सांगता. विहिरीत तोंड घातलं, की आधी नाकाखाली गार धार यायची आणि दोन क्षणांत काच भरायची. मासे लोण्याला जमले, एवढंच.

आमच्याकडे मिशी काढायची म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. बाप जिवंत असताना पोरानं मिशीला वस्तरा लावायचा नाही. बाप गेला की डोकं आणि मिशी दोन्ही उतरवायची. डोकं पटक्याखाली झाकतं, ओठ झाकत नाही. त्यामुळे गडी पटका बांधून, कोऱ्या ओठानं बाहेर पडला, की गाव काही न विचारता ओळखतं. माझे आबा तर ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

मी त्यांच्यापुढं बसलो. तेच म्हणाले, "लोण्याचा वास येतुय तुझ्या तोंडाला. कळलं मला. मिशी आड येती."

"तुमी असताना न्हाय काढायची, आबा."

"मी हाय ते मिशीवर हाय व्हय?" त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "दाम्यानं तुला चोर म्हनलं, तवापासनं तू पीळ भरतुयास त्या मिशीला. कुणाला दावायला? नाव जाऊ दे आन् मिशी राहू दे म्हनतुस?"

माझी बायको दारामागून म्हणाली, "शुभ बोला हो मामंजी." आबा म्हणाले, "शुभच बोलतुय. न्हाव्याला हितं बोलव. माझ्या म्होरं काढंल. म्हंजी मी जिता हाय हे त्यानं तरी बघितलं असंल."

न्हावी वस्तरा पुन्हा पुन्हा चामड्यावर घासत राहिला. दोनदा त्यानं विचारलं, "आबा, काढू नव्हं?" आबा म्हणाले, "तुला का कापरं भरलंय? मरायचं माझं हाय." ओठावर वारा लागला तेव्हा मला उघडं पडल्यासारखं वाटलं. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आईवर गेलायस. इतकी वर्सं ध्यानात आलं नव्हतं."

मी पाणचष्मा गोणपाटात गुंडाळून विहिरीकडे निघालो. पारावरच्या त्या संध्याकाळपासून दामूचा आणि माझा बोलण्याचा संबंध संपला होता. तो त्याच्या मळ्यात पाचट गोळा करत होता. बांधावरून जाताना मला त्याचा धुरकट आकार दिसला, एवढंच. त्याला मात्र माझा ओठ लख्ख दिसला.

आधी पाचटाचा भारा पडल्याचा आवाज आला. मग धावणं. तापलेल्या ढेकळांतून, अनवाणी, बोडक्यानं, दामू माझ्या अंगावरून गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घराच्या दिशेनं त्याचा आवाज लांब लांब होत गेला, "आबाऽ! मला न सांगता कसं गेला रं आबाऽ!"

मी मागं धावलो. मी पोचलो तेव्हा तो अंगणात गुडघ्यांवर होता, मातीनं तोंड भरलेलं, आणि ओट्यावरून आबा त्याला विचारत होते, "कुठं गेलो? हितंच हाय की."

दामूनं आबांकडं बघितलं. मग माझ्या ओठाकडं. मग पुन्हा आबांकडं. त्याला हसू फुटलं आणि ते थांबेना, आणि त्या हसण्यातच तो असा रडला, की आबांनी खाली उतरून त्याच्या डोक्यावर आपलं उपरणं टाकलं. "ऊन लागंल, लेका."

मला त्याही वेळी राग होता, हे मी लपवत नाही. हा माझ्यासाठी एक पाऊल धावला नसता. आबांसाठी फुफाट्यातून आला. पण आबांना राग-लोभ चघळायला वेळ नव्हता. ते म्हणाले, "आलाच हायस तर चल. ह्यो खाली जाणार हाय. दोर धर."

आबा धुतला पटका बांधून विहिरीच्या कडेला बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण जिवंत आहोत हे दिसेल असे. मी कमरेला दोर बांधला. दुसरं टोक दामूच्या हातात. ठरलं असं, की मी दोनदा झटका दिला की त्यानं ओढायचं. काचेवर थुंकून बोट फिरवलं, म्हणजे वाफ धरत नाही. पाणचष्मा तोंडाला लावला आणि नाकानं दम ओढला.

बसला. असा बसला, की जणू माझ्याच कातड्याचा.

दगड धरून मी खाली गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आमची विहीर दिसली. पाथरवटाच्या छिन्नीचे घाव, एकाखाली एक. दगडांच्या सांध्यांतून लोंबणारं केसांसारखं शेवाळ. वरून उन्हाची एक तिरपी पट्टी येऊन पाण्यात विरघळत होती. एक कासव भिंतीला पाय लावून माझ्याकडे बघत होतं. काच तोंडाला रुतू लागली, मी नाकातून थोडी हवा सोडली, दाब सुटला. उगवतीकडं वळलो. कपार. आणि कपारीत, मला हसत असल्यासारखा, पिवळा गोल.

हात घातला. हातात पाणी. पुन्हा घातला. पाणी. छातीत ठोके वाजू लागले. मग चष्मेवाल्यांचा आवाज आला, दिसते त्याच्या पलीकडे असते. मी खांदा कपारीत घातला, गाल दगडाला टेकवला आणि हात जिथं दिसत होतं त्याच्या पुढं नेला. बोटांना गार, गोल, जड असं काही लागलं. आटे. मी पकडणार, तेवढ्यात दोरानं मला मागं उपटलं.

मी वर आलो तो शिव्या देतच. "कुणी वढ म्हनलं व्हतं? दिला व्हता का झटका मी?"

"लई येळ झाला," दामू म्हणाला. "बुडबुडं थांबलं व्हतं."

"मी मरंना का! तुला काय त्याचं?"

"आबा हायती हितं," दामू ओरडला, "त्यांच्या म्होरं असं बोलू नगंस!"

आबा म्हणाले, "भांडान वर आल्यावर करा. पानी निवळलंय तवर जा."

दुसऱ्या वेळी मी वर आलो तेव्हा व्हॉल माझ्या छातीशी होता. पायरीवर ठेवला. गाळ निथळला. आट्यांत दामूनं गुंडाळलेला ताग अजून अडकून होता, सैल, सफेद्यानं पांढरा झालेला. आटे का सुटले हे त्या तागाकडं बघून कुणालाही कळलं असतं. मला कळलं, दामूलाही. मी त्यावर काही बोललो नाही. भावात शेवटचं पान कधी टाकू नये.

मी वाट बघत होतो. पारावर सगळ्यांदेखत बोलला होता, निदान आबांदेखत एक शब्द बोलायचा. चुकलो. दामू व्हॉलकडे बघत राहिला आणि म्हणाला, "व्हता की इहिरीत."

एवढंच. हा काय माफीचा शब्द झाला? त्याच संध्याकाळी व्हॉल पारावर सगळ्यांच्या मधोमध ठेवून मी चहा प्यायलो. लोकांचे हात पुन्हा माझ्या रुमालाखाली आले. माझं नाव मी स्वतः बुडी मारून वर काढलं. त्यात मला कुणाची मेहरबानी नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी दामू मळ्यात आला तेव्हा त्याच्याही ओठावर मिशी नव्हती. मी जवळ गेल्याशिवाय मला दिसलं नाही. "हे काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "तुला एकट्याला लोक हसत्यात." आणि पाणी धरायला गेला. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना आधी आबांना दाखवावं लागे. सांगवीहून आमच्या आत्या तर वेशीपासून रडत आल्या आणि भावाच्या हातचा चहा पिऊन परत गेल्या.

मिशी कोरणं ही माफी धरायची का? मी धरली नाही. तोंडानं केलेला आरोप तोंडानंच मागं घ्यायचा असतो, ओठावरून नाही. पुढं इंजिन विकलं, जमीन पाण्यात गेली, आबा खरोखर गेले आणि आम्ही दोघांनी पुन्हा एकदा ओठ कोरे केले. व्हॉल मात्र मी ठेवला. माझ्या बैठकीतल्या कोनाड्यात तो घासूनपुसून असतो, आणि दामू चहाला आला की त्याला मी बरोबर त्या कोनाड्यासमोर बसवतो. तो चहा पितो, व्हॉलकडे बघतो, "साखर कमी हाय" म्हणतो आणि जातो.

मालवणला जायच्या आधी वैशाली नवा पाणचष्मा घेऊन डाळजला आली. विहिरीचं तोंड वीतभर वर आलं होतं. दामू आणि मी कडेच्या दगडावर बसलो. दामूला आता मोतीबिंदू आहे. डोळसपणाचा सगळा तोरा उतरला, आता त्याला माझ्यापेक्षाही कमी दिसतं. वैशालीनं काचेवर थुंकून बोट फिरवलं, मी शिकवलं तसं, आणि गुडघे टेकून तोंड पाण्यात घातलं. मी सांगितलं, "उगवतीच्या अंगाला बघ. कपार हाय."

ती बराच वेळ बघत राहिली. वर आली तेव्हा कपाळावर रबराची गोल खूण होती. "सगळं गढूळ आहे आजोबा. कपार वगैरे काही नाहीये इथं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दामू बोलला. पाण्याकडे तोंड करून, त्याला न दिसणाऱ्या विहिरीकडे बघत, पारावर बोलला होता तसाच, शांतपणे.

"हाय पोरी. तुझा आजा हाय म्हनतुय न्हवं? मग हाय."

वैशालीला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती पट्टा घट्ट करू लागली. मी मिशीवरून हात फिरवला. पाण्यावरून गरम वारा येत होता आणि लांब कुठंतरी कुणाचं तरी इंजिन चालू होतं.

घरी आल्यावर मी कोनाड्यातला व्हॉल काढला, फडक्यात गुंडाळला आणि पलंगाखालच्या पेटीत ठेवून दिला. मोडीत घातला नाही. दाम्याचा काय भरवसा.